नेहमीचा मसुदा

कायदा कसा असावा हे रामदास झुरुंगे यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं. नोंदणी कार्यालयाच्या फाटकाबाहेर, पत्र्याच्या शेडखाली, उजवीकडून तिसरं टेबल त्यांचं. वर 'दस्तलेखन, प्रतिज्ञापत्र, मृत्युपत्र, कुलमुखत्यारपत्र' अशी पाटी, खाली आधी टाइपरायटर आणि गेली पंधरा वर्षं कॉम्प्युटर. एकतीस वर्षं त्यांनी लोकांचं म्हणणं कायद्याच्या भाषेत बसवून दिलं होतं. कायदा वरून तयार होऊन येतो, आपण त्याच्या मापाचा कागद करून द्यायचा, एवढाच त्यांचा आणि कायद्याचा संबंध.

त्यामुळे आमदारांच्या संपर्क कार्यालयाने 'तुम्ही सुचवा, आम्ही मांडू' असे फलक चौकाचौकात लावले, राज्यात कोणते नवे कायदे हवेत याच्या सूचना नागरिकांकडून मागवल्या, तेव्हा शेडमध्ये चांगलीच करमणूक झाली. "पहिला कायदा हा करा म्हणावं, फलकावरचा फोटो किती फुटांपर्यंत चालेल," शेजारच्या टेबलावरचे बद्रीनाथ म्हणाले. सगळे हसले. रामदास हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत जाऊन त्यांनी अर्ज आणला.

अर्ज दोन पानांचा होता. दोन सूचनांसाठी दोन चौकटी, आणि प्रत्येक चौकटीखाली एक प्रश्न: 'ही अडचण आपण स्वतः अनुभवली आहे काय? असल्यास थोडक्यात लिहा.'

पहिल्या चौकटीत काय लिहायचं याचा विचार करावा लागला नाही. चौदा महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी पावणेनऊ वाजता, त्यांचा मुलगा योगेश विश्रांतवाडीच्या चौकात लाल दिव्याला स्कूटर घेऊन उभा होता. वय तेहेतीस. खराडीच्या एका कंपनीत नोकरी. मागे एक मोठी गाडी होती आणि तिला डावीकडे वळायचं होतं. डावीकडे वळणाऱ्याला लाल दिवा लागू नसतो अशी निम्म्या पुण्याची ठाम समजूत आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना ती समजूत हॉर्न वाजवून करून दिली जाते. गाडीवाला वाजवत राहिला. योगेशने हेल्मेट काढलं, मागे वळला आणि म्हणाला, "अहो, सिग्नल आमच्या घरचा नाही. ज्यांचा आहे त्यांच्या दारात जाऊन वाजवा."

बस, एवढंच. शिवी नाही, हात नाही. हे असलं बोलणं त्या घरात सकाळच्या चहाबरोबर चालायचं. योगेशच्या आईची जीभ तशी होती, ती गेल्यावर तो वारसा पोराकडे आला. गाडीवाला उतरला, त्याने एक ठोसा मारला आणि वर एक धक्का दिला. योगेशचं डोकं दुभाजकाच्या कडेवर आपटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. हेल्मेट त्याच्या हातातच होतं, त्याला ओरखडाही नव्हता. पोलिसांनी ते पिशवीत घालून परत दिलं.

रामदासांना काही वाटलं नाही. ही गोष्ट ते कुणाला सांगू शकत नव्हते, कारण असं सांगणाऱ्या बापाकडे लोक कसं बघतील? पण खरं तेच होतं. लोक गळ्यात पडून रडले, त्यांनी सगळ्यांच्या पाठी थोपटल्या. चौदाव्या दिवशी सकाळी दहाला ते टेबलावर हजर होते, आणि पहिलं काम एका भाडेकराराचं केलं. जेवण जायचं, झोप यायची. रविवारी मंडईत गेले की योगेशला आवडायचा म्हणून सुरण घ्यायचे. घरी आल्यावर सून कादंबरी तो सोलून, चिरून शिजवायची, आणि दोघं टीव्हीसमोर बसून तो संपवायचे. सुरण दोघांनाही आवडत नव्हता.

कादंबरी धानोरीच्या एका शाळेत शिकवायची. माहेरचे न्यायला आले होते. "बाबांच्या कोर्टाच्या तारखा कोण लक्षात ठेवणार?" असं म्हणून ती राहिली. तारखा पडत होत्याच. गाडीवाला जामिनावर बाहेर होता आणि त्याच्या वकिलाचं म्हणणं होतं की मुलगा स्वतःच तोल जाऊन पडला. चौकातल्या कॅमेऱ्यासमोर नेमकी झाडाची फांदी आली होती. म्हणजे सगळं साक्षीदारांवर आलं. सकाळी पावणेनऊला त्या चौकात पाचपन्नास माणसं तरी असतील. रिक्षावाले, शाळेच्या बसची वाट बघणारे आईबाप, आणि अगदी समोर सोनबाची रसवंती.

या सोनबाने चौथ्या दिवशी घरी येऊन रामदासांना सगळं सांगितलं होतं. योगेश काय बोलला, कसा बोलला, ठोसा कोणत्या हाताने मारला. सांगताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पंधरा दिवसांनी पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा सोनबा म्हणाला, "मी आत बर्फ फोडत होतो. मला काही दिसलं नाही." रामदास त्याच्याकडे गेले. त्याने त्यांना खुर्ची दिली, आलं-लिंबू घालून रस दिला आणि पाठ फिरवून चरक फिरवत राहिला. रामदासांनी रस पिऊन संपवला. नको म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

तर पहिल्या चौकटीत त्यांनी लिहिलं. रस्त्यावर गाडीतून उतरून जो दुसऱ्याच्या अंगावर हात टाकेल त्याचा वाहन परवाना त्याच दिवशी निलंबित व्हावा, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्याला गाडी चालवू देऊ नये. अशा मारहाणीला साधी मारहाण न मानता वेगळा गुन्हा मानावा, कारण रस्त्यावर पडलेला माणूस घरात पडलेल्या माणसासारखा पडत नाही, त्याच्या मागे दुभाजक असतो आणि पुढे चाकं असतात. आणि शेवटी, जरा दाबून टाइप केल्यासारखं: ज्याने पाहिलं आहे आणि तरी जो 'पाहिलं नाही' म्हणतो, त्याला शिक्षा व्हावी. खालच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं: 'होय. मुलगा गेला.' थोडक्यात लिहा म्हटलं होतं, तसं थोडक्यात लिहिलं.

दुसरी चौकट कुलमुखत्यारपत्राची. हा तर त्यांचा हातखंडा विषय. एखाद्याने आपल्या वतीने कामं करायला दुसऱ्याला अधिकार द्यायचा, त्याचा हा कागद. त्यावर त्यांनी एका बैठकीत जे लिहिलं ते वाचून कुठलाही वकील मान डोलावेल. अधिकार देणाऱ्याला नेमकं कोणतं काम करून हवं आहे ते कागदाच्या पहिल्या ओळीत त्याच्याच शब्दांत असावं. विक्रीचा अधिकार द्यायचा असेल तर त्याला वेगळा कागद, वेगळी सही. मुखत्याराला खोलीबाहेर काढून अधिकाऱ्याने तो कागद मोठ्याने वाचून दाखवावा. कागद कुठेही वापरला की मालकाच्या फोनवर निरोप जावा. वर्ष झालं की अधिकार आपोआप संपावा.

खाली तोच प्रश्न. ही अडचण आपण स्वतः अनुभवली आहे काय?

रामदासांनी लिहिलं, 'नाही.' आणि अर्ज देऊन आले.

आता हे 'नाही' किती खोटं होतं ते सांगायला तीन वर्षं मागे जावं लागेल.

रामदास ज्यांच्या हाताखाली शिकले त्या जुन्या दस्तलेखकाने त्यांना कुलमुखत्यारपत्राचा एक मसुदा दिला होता. एकूण एकेचाळीस कलमं. सातबाऱ्यावर नाव लावण्यापासून वीजबिलाच्या तक्रारीपर्यंत आणि भाड्याने देण्यापासून विकून पैसे स्वीकारण्यापर्यंत जगातला प्रत्येक अधिकार त्यात होता. शेडमध्ये त्याला 'नेहमीचा' म्हणत. नावं, पत्ते आणि गट नंबर बदलायचा, बाकीचं आहे तसं. कलमं कापायची नाहीत, हा शेडचा नियम. कारण कापलं की कुठल्या तरी कचेरीतला कारकून म्हणतो, 'यात हा अधिकार लिहिलेला नाही', आणि गिऱ्हाईक पन्नास किलोमीटरवरून परत येऊन टाइप करणाऱ्याच्या नावाने शंख करतं. एक कलम जास्त असलं तर कुणाचं बिघडत नाही, कमी पडलं तर खेटे पडतात. लोकांची सोय म्हणूनच चाललं होतं ते. रामदासांना तर अभिमान होता की त्यांच्या टेबलावरून गेलेला एकही कागद अपुरा म्हणून परत आलेला नाही.

आनंदीबाई त्यांच्याकडे आल्या त्या अशाच एका दुपारी. वाघोलीच्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. रस्त्यालगतची सहा गुंठे जमीन, तिच्यावर दोन खोल्या आणि मागे मेथी-कोथिंबिरीचे वाफे. आसपासची शेतं कधीच इमारती होऊन गेली होती, तेवढा तुकडा राहिला होता. बरोबर पुतण्या विक्रम, पांढरा शर्ट, हातात दोन फोन.

"रामभाऊ, मालकांचं नाव काढून माझं लावायचंय उताऱ्यावर," आनंदीबाई म्हणाल्या होत्या. "तलाठ्याकडं खेटे घालून पाय मोडले माझे. ह्यो जाईल माझ्या वतीनं. तेवढाच कागद करा."

"तेवढ्यासाठी मुखत्यारपत्र कशाला आक्का, साधा अर्ज करून देतो," रामदास म्हणाले होते.

"असू द्या काका, नेहमीचंच करा," विक्रम म्हणाला होता. "परत परत यायला नको."

परत परत यायला नको, हे रामदासांना पटलं. त्यांनी नेहमीचा मसुदा उघडला, नावं भरली आणि छापला. वाचून दाखवला नाही. एकेचाळीस कलमं कोण कुणाला वाचून दाखवतं? आत अधिकाऱ्यापुढे फोटो झाला, अंगठा झाला, "मान्य आहे ना?" "व्हय" झालं. आनंदीबाईंनी जाताना मेथीची जुडी टेबलावर ठेवली.

वर्षभरात विक्रमने ती जमीन एका बिल्डरला विकली. आनंदीबाईंना कळलं ते वाफ्यात खुणेचे दगड रोवायला माणसं आली तेव्हा. त्यांनी दावा लावला. कोर्टाने काम थांबवलं खरं, पण निकाल बाकी, आणि निकाल उलटा गेला तर त्या दोन खोल्याही रिकाम्या कराव्या लागणार. सत्तरीच्या बाईने कुठे जायचं? त्यांचे वकील रामदासांकडे आले. बाईंनी तुमच्याकडे कोणतं काम सांगितलं होतं, कागद वाचून दाखवला होता का, एवढं कोर्टात सांगाल का, असं त्यांनी विचारलं. त्या दिवशी टेबलापाशी झालेलं बोलणं विक्रमखेरीज ऐकलेला माणूस हा एकच.

रामदासांनी चष्मा पुसला. "वकीलसाहेब, दिवसाला दहा माणसं येतात. आठवत नाही."

का, ते सोपं आहे. कोर्टात 'मी न वाचता, न विचारता विक्रीचा अधिकार टाइप केला' म्हणणाऱ्या दस्तलेखकाकडे पुन्हा कोण येणार? आणि मग आजवर केलेल्या शेकडो नेहमीच्यांचं काय? बद्रीनाथनीही बजावलं होतं, "झुरुंगे, तुम्ही एकटे नाही बुडणार, अख्खी शेड बुडवाल." वकील निघून गेले. हे झालं त्यानंतर आठ महिन्यांनी योगेश गेला.

योगेश गेल्यावर आनंदीबाई दर गुरुवारी शेडमध्ये येऊ लागल्या. बसने यायच्या, टेबलाशेजारच्या स्टुलावर अर्धा तास बसायच्या. दाव्याबद्दल चकार शब्द नाही. "जेवलात का?" "सून बरी हाय का?" एवढं विचारायच्या आणि पदराने वारा घेत गप्प बसून राहायच्या. आज विचारतील, उद्या विचारतील, म्हणून रामदास दर गुरुवारी तयारीत असायचे. त्या विचारायच्या नाहीत. म्हातारीला कळतच नाही कुणाकडे काय मागायचं ते, असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

अर्ज दिल्यावर तीन आठवड्यांनी फोन आला. संपर्क कार्यालयातली स्पृहा नावाची मुलगी, आवाजावरून विशी-बाविशीची.

"काका, अभिनंदन! तुमचा फॉर्म शॉर्टलिस्ट झालाय. रविवारी कार्यक्रम आहे, साहेब स्वतः वाचणार आहेत. फक्त एक डाउट होता."

"विचारा."

"पहिल्या सूचनेत तुम्ही लिहिलंय ना, की बघून न बघितल्यासारखं करणाऱ्याला शिक्षा हवी. टीममध्ये सगळे म्हणतायत की हे जरा हार्श आहे. लोकांना भीती असते, त्यांचा धंदा असतो, फॅमिली असते. मी म्हटलं, काकांनाच विचारू. तुमच्यावर तशी वेळ आली असती तर तुम्ही दिली असती का हो साक्ष?"

मुलीने हे अगदी निर्मळपणे विचारलं. तिला काय ठाऊक? तिला कागदावर टिपण ठेवायचं होतं. रामदासांनी फोन कानाला धरला होता आणि समोर गुरुवारचं रिकामं स्टूल होतं. आनंदीबाई नुकत्याच उठून गेल्या होत्या.

"काका? आवाज येतोय का?"

"येतोय," रामदास म्हणाले. "त्या दुसऱ्या चौकटीखाली मी 'नाही' लिहिलंय बघा. ते खोडायचं आहे."

"अय्यो, ते प्रिंटला गेलं काका. पण इट्स ओके, तो कॉलम तसा कुणी वाचत नाही."

त्यांनी फोन ठेवला. सोनबाचा चेहरा त्यांना आठवत होता, पण त्यावरचा राग सापडेना. रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर तोंडपाठ म्हणावा तसा ते तो राग म्हणून घ्यायचे, आता त्यातला एकही शब्द जागेवर नव्हता. 'बर्फ फोडत होतो', आणि 'दिवसाला दहा माणसं येतात'. आधी कोण म्हणालं होतं? आधी ते म्हणाले होते. सोनबाच्या चांगले आठ महिने आधी.

घरी आल्यावर त्यांनी कादंबरीला सगळं सांगितलं, अगदी मेथीच्या जुडीसकट. ती वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं.

"आणि त्या दर आठवड्याला येऊन तुमच्याजवळ बसतात?"

"हो."

"मग बाबा, तुम्ही मला कशाला सांगताय?" कादंबरी म्हणाली आणि तिने पुढची वही उघडली. पुढे किती तरी वेळ तिने पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेबल बंद ठेवून रामदास वाघोलीची बस पकडून गेले. दोन उंच इमारतींच्या मधे ती दोन खोल्यांची जागा होती. खुणेचे दगड वाफ्यांत तसेच होते, आनंदीबाईंनी त्यांच्या भोवतीने कोथिंबीर टाकली होती. त्या उंबऱ्याशी शेंगा सोलत बसल्या होत्या.

"या की रामभाऊ. आज कचेरी बंद?"

रामदास बसले. वाटेत बसमध्ये त्यांनी सुरुवात जुळवली होती, चांगली मसुद्यासारखी, 'सबब' आणि 'तथापि' घालून. ती जमेना.

"आक्का, मला आठवतंय," ते म्हणाले. "तुम्ही फक्त सातबाऱ्याचं काम सांगितलं होतं. विकायचं नाव काढलं नव्हतं. मी वाचून दाखवलं नाही. वकिलांना मी खोटं सांगितलं."

आनंदीबाईंनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली, दाणे सुपात टाकले.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"तुमाला आठवतंय ते. तुमी म्हनला व्हता, तेवढ्यासाठी मुखत्यारपत्र कशाला, साधा अर्ज देतो. असं म्हननारा मानूस इसरंल व्हय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं अवघड झालं. "वकील म्हनले, समन्स काढू, फरफटत आनू कोर्टात. मी बी व्हय म्हनले व्हते. कागद बी तयार झाला व्हता. तेवढ्यात तुमचा योगेश गेला. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या. ज्याचं पोर गेलंय त्याच्या दारात समन्स धाडत न्हाईत."

"चौदा महिने झाले आक्का."

"व्हय. वकील चिडलाय माझ्यावर."

"मग दर गुरुवारी कशाला येत होता?"

आनंदीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हाही काय प्रश्न झाला. "तुमच्याजवळ कोन बसतंय? समदे आपापल्या टेबलावर. मला ठावं हाय एकट्यानं बसनं."

रामदासांना रडता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी सूप पुढे ओढलं आणि शेंगा सोलायला घेतल्या. घरामागे कुठेतरी काँक्रीटचं यंत्र गरगरत होतं. सूप संपेपर्यंत दोघं सोलत बसले, आणि निघताना रामदासांनी वकिलांचा नंबर मागून घेतला.

रविवारचा कार्यक्रम झाला. आमदारांनी रामदासांची पहिली सूचना वाचली, साक्षीदारांचा भाग गाळून. दुसरी 'तांत्रिक स्वरूपाची' म्हणून नुसती सांगितली. शाल मिळाली. टाळ्या झाल्या, आणि नंतर मसाला दूध होतं. कायद्याचं पुढे काय झालं म्हणाल तर अजून काही झालेलं नाही. झालं तर वर्तमानपत्रात येईलच.

शेडमध्ये मात्र बातमी लगेच पोचली. रामदासांनी साक्षीचं प्रतिज्ञापत्र स्वतःच्या टेबलावर स्वतः टाइप केलं, सगळ्यांच्या देखत. बद्रीनाथनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. गिऱ्हाइकं फाटकातूनच दुसरीकडे वळवली जाऊ लागली. जी चुकून यायची त्यांना रामदास आधी विचारायचे, तुम्हाला नेमकं काय काम आहे? मग एकेक कलम वाचून दाखवायचे आणि नको ते खोडायचे. एका कागदाला दीड तास लागायचा. गिऱ्हाईक कंटाळून उठून जायचं.

साक्षीची तारीख पावसाळा सरता सरता लागली. दिवाणी कोर्टातली अरुंद खोली, भिंतीवर हळू फिरणारा पंखा. शेवटच्या बाकावर आनंदीबाई डोक्यावर पदर घेऊन आणि शेजारी शाळेतून अर्धी रजा टाकून आलेली कादंबरी. विक्रम खिडकीशी उभा होता. रामदास पिंजऱ्यात गेले, शपथ घेतली, आणि बिल्डरच्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली. वकील हुशार होते, आवाज चढवत नव्हते.

"झुरुंगे, एकतीस वर्षांत तुम्ही किती दस्त केले?"

"मोजले नाहीत. हजारो."

"त्या हजारोंपैकी एका बाई तीन वर्षांपूर्वी तुमच्याशी काय बोलल्या, ते तुम्हाला शब्दशः आठवतं?"

"आठवतं."

"कागद वाचून न दाखवणं हा तुमच्या कामातला कसूर आहे, हे मान्य?"

"मान्य आहे."

एवढं सरळ उत्तर वकिलांना नको होतं. त्यांनी फाइलमधला एक कागद वर काढला. "वादीच्या वकिलांनी दोन वर्षांपूर्वी तुम्हाला हेच विचारलं, तेव्हा 'आठवत नाही' असं तुम्ही सांगितलंत. तसं त्यांनीच तेव्हा कोर्टात लिहून दिलं आहे. म्हणजे तेव्हा आठवत नव्हतं, आणि आता मुलाच्या मृत्यूनंतर, मनाची अवस्था नीट नसताना, वादीच्या सहानुभूतीपोटी तुम्हाला एकाएकी आठवायला लागलं. असंच ना?"

बाहेर पडायला ही वाट चांगली होती. हो म्हटलं असतं तर खोटेपणाचा डाग लागला नसता, म्हाताऱ्या बापाला दुःखाने भ्रम झाला एवढंच झालं असतं. शेडमध्येही परत घेतलं असतं. आनंदीबाईंचा तुकडा तेवढा गेला असता.

"नाही साहेब," रामदास म्हणाले. "तेव्हाही आठवत होतं."

"काय म्हणालात?"

"तेव्हाही सगळं आठवत होतं. मी नाही म्हणालो."

न्यायाधीशांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि लघुलेखकाला सावकाश मजकूर सांगितला, 'साक्षीदार म्हणतो की त्याला तेव्हाही आठवत होते.' कळफलक खडखडला. ते वाक्य कागदावर उतरताना रामदास उभे राहून ऐकत होते, आणि अचानक त्यांना योगेश दिसला, चौकात, हेल्मेट हातात घेऊन मागे वळलेला, आणि त्याच्या भोवतीची पाचपन्नास माणसं, प्रत्येकाला आठवतंय, प्रत्येक जण आज कुठेतरी आपल्या कामाला लागलाय. इतक्या महिन्यांत आला नव्हता तो हुंदका भर कोर्टात आला. त्यांनी कठडा धरला. वकील म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत," पण रामदासांना पिंजऱ्यातून खाली उतरता येईना. शेवटी कादंबरी उठून पुढे आली, आणि तिच्यामागे पदर सावरत आनंदीबाई आल्या. दोघींनी दोन बाजूंनी त्यांना हात देऊन उतरवलं.